सहा नंबरचं कार्ड

खिडकी असलेली खोली घरात एकच, आणि क्रिप्टो मायनिंगच्या, म्हणजे दिवसरात्र आकडेमोड करून आभासी पैसे मिळवणाऱ्या, मशीनला मोकळी हवा लागते म्हणून ती त्याने वडिलांकडून मागून घेतली होती. वडिलांनी हूं की चूं न करता आपली गादी पॅसेजमध्ये, पडद्याआड हलवली. तेव्हापासून त्यांच्यासमोर जाताना त्याची मान आपोआप खाली जायची.

त्या दुपारी मशीनवरची लिनक्स प्रणाली पुन्हा सुरू झाली, आणि नेहमीप्रमाणे ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रत्येक कार्डाचा वेग, वीज आणि पंखा ठरवणारी, सगळी सेटिंग्ज पुसली गेली. ग्राफिक्स कार्डं सहा. पण मशीन त्यांना शून्यापासून मोजतं, म्हणजे शेवटचं कार्ड पाच नंबरचं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी पडद्यामागे तापाने पडलेल्या वडिलांच्या खोकल्याने त्याचं लक्ष उडालं आणि वीज कमी करून पंखा वाढवण्याचा हुकूम त्याने सहा नंबरला देऊन टाकला. असं कार्डच नाही म्हणून मशीनने कुरकुरायला हवं होतं. पण मशीनने निमूटपणे हुकूम मानला. यादीत एक नवी ओळ आली, आणि तिच्यातलं तापमान हळूहळू उतरू लागलं.

खोकला थांबला.

"अहो, बाबांचं अंग निवलं बघा," बायको पडद्याआडून म्हणाली. "आता तरी त्या खोक्यापुढून उठाल?"

"आलोच," तो म्हणाला, आणि उठला नाही. त्याने सहा नंबरची वीज वाढवली. पडद्यामागे खोकल्याची उबळ आली. कमी केली, उबळ ओसरली. इथवर योगायोग म्हणता आलं असतं. पण खात्री करून घ्यायला त्याने ती पुन्हा वाढवली, आणि या खेपेला वडील कण्हले, तेव्हा शरमेने त्याचे कान तापले. घाईघाईने त्याने वीज उतरवली. बायकोला काही सांगितलं नाही.

थोड्या वेळाने तीन नंबरचं कार्ड अडकलं आणि त्याच्यामागोमाग बाकीचीही थांबली; फक्त सहा नंबरची ओळ संथपणे चालू होती. मशीन बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून इलाज नव्हता, आणि तसं केलं की सेटिंग्ज पुसली जाणार. ती ओळ तरी उरेल की नाही, कोण सांगणार? तो बसून राहिला. पंखे थांबलेल्या खोलीत पडद्यामागचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता.

"बंद करायचं असेल तर कर रे," वडील समजुतीच्या सुरात म्हणाले. "माझ्यासाठी कशाला अडून राहतोस?"

"छे, बाबा. मी कुठे काय करतोय?"

बोलता बोलता त्याची नजर खाली गेली. त्याचं बोट केव्हाचं मशीन बंद करायच्या बटणावर टेकलेलं होतं.