बॉनेटवरचा खड्डा

आमच्या हातोडीने लग्नासाठी पसंत केलेला मुलगा थेट गॅरेजमध्येच आणून उभा केला. तोही भर कामाच्या वेळी, मी नाकातोंडाला फडकं बांधून जुन्या गाडीच्या मडगार्डवरचा गंज खरवडत असताना.

हातोडी म्हणजे माझी भाची. लहानपणी बाहुलीऐवजी हातोडी कुशीत घेऊन झोपायची, तेव्हा पडलेलं नाव ते. तिची आई लवकर गेली आणि भावाने पोर माझ्या पदरात टाकली. आता ती पत्र्याचे पोचे काढते, मी रंग करते. भाऊ पुढच्या बाजूला स्पेअर पार्टचं दुकान बघतो आणि आमची भांडणं गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नयेत म्हणून मधलं दार लावून घेतो. भांडणं कसली, आमचं बोलणंच तसं.

"आत्या, हा," हातोडी म्हणाली. झाली ओळख.

मी वर बघितलं. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतो. हिच्या चष्म्याची काच तडकली आणि तिथे जमलं म्हणे.

"धूळ चालते का तुम्हाला?" मी विचारलं.

"हो आत्या."

"आमच्याकडे आरडाओरडा फार."

"हो आत्या."

"हो काय? बाहेर बोभाटा झालाय की काय आमचा?"

"हो... म्हणजे... तुम्ही म्हणाल तसं, आत्या."

होयबा! म्हटलं, झालं कल्याण.

मला उगाच कुणाला नावं ठेवायची हौस नाही. पण माझा नवरा असाच होता. मी म्हणेन ते बरोबर, मी करेन ते छान. कधी वर मान करून बोलला नाही, आणि एक दिवस न भांडताच निघून गेला. त्याला काय खुपत होतं ते मला आजही ठाऊक नाही. भिंतीशी संसार करणं काय असतं ते मी भोगलंय. ते या पोरीच्या वाट्याला यावं? आणि हातोडीने आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, "तुझं मनापासून हो आलं तरच मी लग्न करणार. तोंडदेखलं हो मला नको." म्हणजे सगळा भार माझ्या डोक्यावर.

मी त्याला म्हटलं, "सुट्टी काढा आणि कामाला या. माणूस चहा पिताना कळत नाही, घासताना कळतो."

"हो आत्या," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गाडी होती माझ्या भावापेक्षा वयाने मोठी. गोल दिवे, फुगलेले मडगार्ड, ऐसपैस बॉनेट. मालकांनी ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. जुना रंग मी सगळा उतरवला होता. हातोडीने पोचे ठोकून ठोकून पत्रा जागेवर आणला होता. आता राहिलं होतं ते सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: पत्रा घासायचा, उरलेसुरले खोलगट भाग पुट्टीने भरायचे, पुन्हा घासायचं, आणि मग प्रायमर. लोकांना वाटतं, रंगारी म्हणजे गनमधून फवारा मारणारा. अहो, फवारा शेवटी. त्याच्या आधीचं सगळं हाताचं काम.

त्याला मी डावीकडचं दार दिलं आणि घासायचा जाडा पेपर हातात ठेवला. मी मागच्या बाजूला माझ्या कामात बुडाले. दुपारी येऊन बघते तर काय, दारात माझं तोंड दिसतंय! पठ्ठ्याने फळीवरचा बारीकातला बारीक पेपर शोधून दार आरशासारखं केलं होतं. वर कौतुकाच्या अपेक्षेने उभा.

"हे काय केलंत?"

"गुळगुळीत केलं, आत्या. भिंगाला करतो तसं."

"भिंगावर प्रायमर मारता का तुम्ही? अहो, प्रायमरला धरायला काहीतरी खरखर नको? काचेसारख्या पत्र्यावर तो बसेल कसा? पापुद्रे निघतील पापुद्रे!"

"हो आत्या. बरोबर, आत्या." आणि मुकाट्याने जाडा पेपर घेऊन आपल्याच मेहनतीवर ओरखडे ओढायला बसला. कपाळावर आठी नाही की तोंडातून 'पण' नाही. हातोडी लांबून बघत होती, नखं खात. मला तिचाच राग आला. म्हटलं, हिला जगातून हाच सापडला?

पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. माणूस कामाला वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. एकदा सांगितलं की लक्षात ठेवायचा. पुट्टी कालवताना किती घट्ट ठेवायची ते मी एकदाच दाखवलं. झाडून काढ म्हणायच्या आत झाडून काढायचा. मी मुद्दाम उकरून काढायचे. चहा पांचट झालाय म्हणाले, तर म्हणे हो. मग म्हणाले, नाही हो, चांगलाच झालाय की, तर म्हणे हो. आता या माणसाचं काय करावं?

शेवटी बॉनेट उरलं. त्यावर पुट्टी लावून झाली होती, लांब फळीला पेपर गुंडाळून घासूनही झालं होतं. मी डोळे मिटून तळहात फिरवला. सपाट. हातोडीने फिरवला. सपाट.

"चला, कागद लावा काचांना," मी म्हटलं. "प्रायमर मारून टाकू."

"आत्या, इथे खड्डा आहे."

मला वाटलं, बाहेरून कुणी बोललं. बघते तर होयबा बॉनेटवर हात ठेवून उभा.

"काय आहे?"

"खड्डा. बारीकसा. इथे, दिव्याच्या वरच्या बाजूला."

मी पुन्हा हात फिरवला. "काही नाही इथे."

"आहे, आत्या."

"आत्ता गं बाई! मी म्हणते नाही."

"मी म्हणतो आहे."

हातोडीने त्याच्याकडे बघून डोळे मोठे केले, मान हलवली. "अरे, सपाट आहे ते. मी ठोकलंय," ती म्हणाली.

"तू ठोकलंस; आत्या, तुमचा हात जाणता; सगळं मान्य," तो म्हणाला. हात बॉनेटवरून हलला नाही. "पण मला खड्डा लागतोय, तर मी लागत नाही कसं म्हणू? प्रायमर मारू नका."

"अरे, तू मला शिकवणार? परवा दाराचा आरसा करून ठेवलास, आणि आज मला खड्डे दाखवतोस?" अहो-जाहो कधी गळून पडलं ते माझं मलाच कळलं नाही.

"दाराचं चुकलं होतं, म्हणून मान्य केलं. हे चुकलंय हे दाखवा, हेही मान्य करतो. नुसतं ओरडून नाही."

नुसतं ओरडून नाही! मधलं दार उघडून भाऊ डोकावला, आमची तोंडं बघितली आणि दार परत लावून घेतलं.

मी तणतणत काळी पूड काढली. ही साधी युक्ती असते. पूड पातळशी सगळीकडे फासायची आणि लांब फळीने अलगद घासायचं. जिथे खोल असेल तिथे फळी टेकत नाही, तिथलं काळं तसंच राहतं. पत्रा खोटं बोलत नाही आणि कुणाची भीडही ठेवत नाही. पूड मी फासली, फळी त्याच्या हातात दिली. म्हटलं, तूच घास, नंतर माझ्या नावाने शंख नको.

तो घासत गेला. आम्ही दोघी वाकून बघत होतो. दिव्याच्या वरचं काळं निघालं. बाजूचं निघालं. सगळं निघालं, एक ठिपका राहिला नाही.

"बघ!" मी म्हटलं.

त्याने वाकून बघितलं. हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग हात उलटा करून स्वतःचा तळहात बघितला आणि एकदम हसायलाच लागला. तळहाताच्या मधोमध टपोरा फोड! घासून घासून आलेला; त्याच्यामुळे हात पत्र्याला नीट टेकतच नव्हता. फोड हाताला आणि खड्डा म्हणे गाडीला.

"चुकलो, आत्या," तो हसत म्हणाला. "साफ चुकलो. पण मला लागत होता, हे खरं."

मलाही हसू आवरेना. किती दिवसांनी पोट धरून हसले असेन. हसता हसता बघते तर हातोडी स्टुलावर बसून रडतेय. ही पोरगी बोट हातोडीखाली सापडलं तरी रडत नाही.

"काय गं? काय झालं?"

"मीच सांगितलं होतं त्याला," ती डोळे पुसत म्हणाली. "आत्यासमोर फक्त हो म्हण. एकदाही नाही म्हणू नकोस, म्हणून. आणि हा शहाणा शेवटच्या दिवशी..."

"का गं? मी काय माणसं खाते?"

"तू नको म्हणाली असतीस, तर मी त्याला सोडलं असतं. खरंच सोडलं असतं. आणि मग आत्या, मला तुझ्याशी कधी मोकळेपणाने भांडता आलं नसतं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला वाटत होतं, मी तिला मुक्या माणसापासून वाचवतेय. आणि इकडे तीच माझ्यामुळे मुकी व्हायची वेळ आली होती.

"हो," मी म्हटलं. "मनापासून हो. रडू नको, मूर्ख कुठली."

मग औषधाची बाटली शोधली आणि त्याला समोर बसवलं. फोड कडेने फुटला होता, आत धूळ गेलेली. धुवायलाच हवा होता.

"किती दिवसांचा आहे हा? सांगायचं नाही?"

"ते..."

"ते नाही आणि हे नाही. या घरात दुखलं की ओरडायचं. कळलं?"

"हो, आत्या," तो म्हणाला.

मी जखमेवर औषध ओतलं आणि तो इतक्या जोरात ओरडला की भाऊ दुकान टाकून धावत आला. मला फार बरं वाटलं.