सावित्रीताईंची पट्टी

नर्मदाबाईंचं पत्र सात वर्षं एका पुस्तकात पडून होतं. शिरोड्याहून आलेलं. पियानो दुरुस्त केल्यापासून मधली एक पट्टी रोज चार वाजता खाली जाते आणि तशीच अडकून बसते. ही तुमची चूक आहे का, एवढंच विचारलं होतं. मी सावंतवाडीच्या वाचनालयातला माणूस. पायपेट्या दुरुस्त करता करता पियानोलाही हात लावू लागलेलो. चूक माझीच असणार असं वाटायचं, आणि ते लिहायचं धैर्य होत नव्हतं.

यंदा श्रावणात पत्र पुन्हा हाताला लागलं. हत्यारांची पिशवी घेऊन निघालो.

"सात वर्सां कागद गावलो नाय तुमका," नर्मदाबाई दारातच म्हणाल्या. "यष्टी बरी गावली."

पियानो त्यांच्या थोरल्या बहिणीचा, सावित्रीताईंचा. ताई मुलांना शिकवायच्या. दमट हवेत ती पट्टी फुगायची, म्हणून चारच्या शिकवणीआधी त्या ती हळूच, आवाज न होऊ देता दाबून बघायच्या. ताई वारल्या आणि महिन्याभराने नर्मदाबाईंनी मला दुरुस्तीला बोलावलं होतं. आता मुलगा त्यांना मडगावला न्यायचं म्हणत होता.

पट्टी काढली. खालच्या खिळीभोवतीचं फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापडाचं अस्तर, काळं, दगडासारखं झालेलं. ओळखलं. वाळवी लागू नये म्हणून होडीला लावतात तसं काजूच्या टरफलांचं तेल त्या दुरुस्तीच्या वेळी मीच लाकडाला चोपडलं होतं. ते झिरपून घट्ट झालं होतं. फेल्ट बदललं, खिळी घासली. चाळीस ग्रॅमचं वजन ठेवलं, पट्टी हलली नाही. पन्नासचं ठेवलं, खाली गेली. उचललं, टपकन वर आली. म्हणजे बोटाचा भार पडल्याशिवाय ती हलणार नव्हती.

चार वाजता झाकण उघडंच होतं. पट्टी सावकाश खाली गेली. आतली हातोडी तारेपाशी पोहोचली आणि तार न लागता मागे फिरली. पट्टी थोडा वेळ दबलेलीच राहिली. मग वर आली. टपकन नव्हे, कुणी बोट जपून उचलावं तशी.

नर्मदाबाई वाट द्यावी तशा स्टुलापासून बाजूला सरकल्या होत्या.

"माका एकच सांगा," त्या म्हणाल्या. "तुमची चूक आसात तर ह्यो पियानो इकून मी मडगावाक जातलंय. नसात तर ताईक एकटी सोडून कशी जांव?"

मी हत्यारं पिशवीत भरली. लिहून कळवतो म्हणालो. त्या हसल्या, माझं लिहून कळवणं किती वर्षांचं असतं ते त्यांना माहीत होतं.

त्या रात्री झोप आली नाही. सकाळी अंतर्देशीय पत्र आणून लिहिलं: "पट्टी अडकत होती ती माझी चूक. तेल मीच लावलं होतं. ती आता अडकणार नाही. खाली जाते, ती मात्र माझी चूक नाही."

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. तसंच जाऊन टपालपेटीत टाकलं.