कीर्तनातला कॉम्प्युटर

दसरा होऊन आठ दिवस झाले आणि आमच्या वाचनालयाचा कॉम्प्युटर दहा-दहा मिनिटांनी बंद पडायला लागला. चालू केला की बरा चाले, पडद्यावर सगळं दिसे, आणि कोणी चार ओळी टाइप करतं न करतं तोच फट्‌दिशी अंधार.

यंत्र जुनंच होतं. शहाद्याच्या एका ऑफिसनं नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा हा आम्हाला दिला. तापीकाठच्या आमच्या लहानशा गावाला त्याचंही अप्रूप. मी वाचनालयाचा सचिव, पण मला त्यातलं फक्त बटण कळतं. बाकी सगळं रिना बघायची. रिना पावरा या आदिवासी समाजाची. तिचे वडील रूपसिंग धडगावकडचे. माझ्या शेजाऱ्याच्या केळीच्या बागेत सालदार म्हणून राहतात. पोरीनं रोज एसटीनं शहाद्याला जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. दुपारी ती गावातल्या सात मुलींना शिकवायची. सालदाराच्या मुलीपुढे पाटलांच्या मुली शिकायला बसतात ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हे. त्यासाठी ती सात घरांचे उंबरे झिजवून आली होती.

तिनं मागच्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या, प्लग दुसऱ्या बोर्डात लावून बघितला, मग म्हणाली, "काका, मागून हात लावून बघा. तापतोय. तापला की स्वतःच बंद होतो. झाकण काढू या. पंखा बघते, रॅमची पट्टी खोडरबरानं पुसून बसवते."

"तू त्याच्या पोटात हात घालू नको," मी म्हणालो. "आधी तो पेनड्राइव्ह दाखव."

तिच्या गळ्यात लाल दोरीला पेनड्राइव्ह असायचा. मंदिराच्या पारावर मी ऐकलं होतं की व्हायरस पेनड्राइव्हातूनच येतो. शिवाय एका दुपारी वाचनालयातून ढोलाचा आवाज ऐकला होता, त्यांच्या बोलीतलं कुठलंसं लग्नाचं गाणं, आणि मुली खिदळत होत्या. तेवढं मला पुरलं.

"काका, एक गाणं वाजवलं होतं. त्यानं काही होत नाही."

"होतं की नाही ते जाणकार सांगेल. दुरुस्त होईपर्यंत वाचनालयाची किल्ली माझ्याकडे राहू दे."

तिनं किल्ली टेबलावर ठेवली, पेनड्राइव्ह दोरीसकट काढून ठेवला, आणि गेली. वाद घातला नाही. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

आता पुढचं सांगायला जड जातं.

मला कीर्तनाचं वेड. लहानपणापासून. पेटीनं सूर धरला, मृदंगावर थाप पडली की माझ्या अंगावर काटा येतो. महाराज दृष्टांत सांगायला लागले की मी मांडी मोडून पुढे सरकतो. आमच्या कार्तिकातल्या सप्ताहाचे महाराज दरवर्षी माझ्याच घरी जेवतात. यंदा पंगतीत त्यांनी सहज विचारलं, "काय शांतीभाऊ, गावात नवीन काय?" आणि मी सांगितलं. कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह, ढोल, खिदळणं. जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं, कारण महाराज हसत होते. महाराजांना हसवणं म्हणजे मला प्रसाद मिळाल्यासारखं.

त्याच संध्याकाळी मंडपात दृष्टांत आला.

"माणसाचं सोडा हो," महाराज म्हणाले, "यंत्रालासुद्धा कुसंगत लागते! बिचारा कॉम्प्युटर पुस्तकांच्या संगतीत बसलेला. तिथे येते कुठल्या रानातली पेनड्राइव्ह. ढोल वाजवते, नाचवते, आणि दहा मिनिटांत बिचारा राम म्हणतो!"

मंडप हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. टाळ हातात होते, ते वाजवले.

बायकांच्या बाजूला, अगदी कडेला, रिना बसली होती. सप्ताह बसला त्या दिवशी मीच तिला म्हणालो होतो, "ये गं, ऐकून बघ, मन निवतं." ती उठली. वाट काढत जायला वेळ लागला, कारण बायका मागे वळून तिच्याकडे बघत होत्या आणि पाय कोणी आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन मुलींच्या आयांनी सांगितलं की यंत्र दुरुस्त झालं तरी आमची येणार नाही. तिसऱ्या दिवशी सातही घरांतून तोच निरोप.

चौथ्या दिवशी मी कॉम्प्युटरचा डबा गमछ्यात बांधून, बसमध्ये मांडीवर घेऊन, शहाद्याला सुकलालच्या दुकानात गेलो. स्टँडजवळ त्याचं दुकान आहे. जुन्या यंत्रांसाठी लोक त्याच्याकडेच जातात. तोंडात सुपारी, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"व्हायरस शिरलाय," मी म्हणालो.

"भाऊ, व्हायरसनं बंद पडता तं मन्हं दुकान सोन्याचं राहतं. बघू तं खरं."

त्यानं बाजूचं झाकण काढलं. आत बघितलं. मग सुपारी थुंकून आला आणि पुन्हा बघितलं.

"भाऊ, हाऊ कॉम्प्युटर शे का देव्हारा?"

आत हळद होती, कुंकू होतं. अक्षता पत्र्यांच्या फटीत अडकल्या होत्या. झेंडूच्या पाकळ्या वाळून काळ्या पडल्या होत्या. आणि मधल्या लहान पंख्याच्या कण्याला कापसाचं वस्त्र, देवाला वाहतो ते, हळदीच्या बोटांनी वळलेलं, पक्कं गुंडाळलं गेलं होतं. पंखा हलत नव्हता.

"ह्याले वस्त्र नेसाडं, आते तो फिरी कसा?" सुकलाल हसून हसून खुर्चीत बसला. "कोन्ही करी हाई पूजा? त्याले सांगा, देव प्रसन्न व्हई ग्या, पन प्रोसेसर नही व्हयना."

मला सगळं आठवलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रिनानं सांगून ठेवलं होतं, "काका, पूजा पडद्याची करा, आत काही टाकू नका." मला वाटलं, हिला काय कळतं पूजेतलं. गाभारा सोडून भिंतीची पूजा करतात का? नवमीला ती घरी गेल्यावर मी स्वतः दोन स्क्रू काढले, मनोभावे पूजा केली, झाकण बसवलं आणि विसरून गेलो.

"पेनड्राइव्ह बघतोस का?" तरी मी तो खिशातून काढून विचारलं. अजून मला आशा होती, लाज वाटते सांगायला, की त्यात काहीतरी सापडेल.

त्यानं पंखा साफ केला, तेलाचा थेंब सोडला, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, आणि पेनड्राइव्ह जोडला. सात मुलींच्या नावांचे सात फोल्डर. आत त्यांचे अर्ज, तक्ते, एकीनं टाइप केलेला आईच्या नावाचा पत्ता. एक गाणं. व्हायरस नाही. यंत्र तासभर चाललं, बंद पडलं नाही. मी मात्र तिथल्या स्टुलावर घाम पुसत बसलो.

परतताना घरी न जाता सरळ बागेत गेलो. रिना खोलीपुढे भांडी घासत होती. रूपसिंग बाजेवरून उठून उभे राहिले. मी आलो की ते नेहमी उठतात. त्या दिवशी ते बघवलं नाही.

मी सगळं सांगितलं. वस्त्र, अक्षता, सगळं. किल्ली आणि पेनड्राइव्ह पुढे केला. "पोरी, माझं चुकलं."

ती हात न पुसताच म्हणाली, "काका, मला काय सांगता? मी काही केलं नाही, हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

"सांगतो ना. एकेकाला भेटून."

"मला एकेकाला भेटून नाही बोललात. माइकवर बोललात."

"मी कुठे, महाराज..."

तिनं हात पुसले. पेनड्राइव्ह घेतला. किल्ली घेतली नाही. "मुली आल्या तर येईन. रिकाम्या खोलीत काय करू?"

घरी परतलो तर महाराज आमच्या ओसरीवर टेकले होते; त्यांनाही सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "शांतीभाऊ, दृष्टांत तो दृष्टांत. मी नाव कुठे घेतलं?"

"महाराज, गावात वाचनालय एक, कॉम्प्युटर एक, रानातून आलेली पोरगी एक. नाव कशाला लागतंय?"

टेकलेले महाराज उठून बसले. मग म्हणाले, "मला जे वाढलं ते मी वाटलं. वाढणारे तुम्ही. पण चाखून न बघता वाटलं, हे माझंही चुकलं. उद्या काल्याच्या कीर्तनात उभे राहा. हंडी फुटायच्या आत. नंतर तुमचं कोणी ऐकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप गच्च भरलेला. महाराजांनी वीणेकऱ्याला थांबवलं आणि माइक माझ्या हातात दिला. इतकी वर्षं त्या माइककडे मी खालून बघत आलो. वरून बघितलं तर सगळे ओळखीचे, आणि सगळे माझंच तोंड बघणारे. 

"वाचनालयाचा कॉम्प्युटर दुरुस्त झाला," मी म्हणालो. "दोष यंत्रातच होता. मुलींनी शिकायला यावं. बोला, पुंडलिक वरदे..."

आणि माइक परत द्यायला लागलो. खरंच. एवढ्यावर सुटत होतो.

"अर्धं पोटमां का बरं ठेवी ऱ्हायनात?" बायकांतून आवाज आला. आमच्या वत्सलाबाई. चाळीस वर्षांच्या संसारात त्या चारचौघांत माझ्यावर कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. "पुरं सांगा ना!"

मग पुरं सांगितलं. तिनं बजावलं होतं तरी मी आत पूजा केली, तिनं खोलून बघते म्हटलं तर मी खोलू दिलं नाही, आणि महाराजांच्या ताटात ती गोष्ट मीच वाढली. "रिना रूपसिंग पावरा" असं पूर्ण नाव घेतलं. शेवटी म्हणालो, "कुसंगत लागली ती माझी. कॉम्प्युटरलाही आणि पोरीलाही."

कोणीतरी मागून ओरडलं, "देवले वस्त्र घालं अन् देवच तापी ग्या!" मंडप हसला, त्या संध्याकाळी हसला होता तितकाच. मी हसणाऱ्यांची तोंडं बघत उभा राहिलो. रिना मंडपात नव्हती.

सोमवारी दुपारी वाचनालयात तीन मुली आल्या. त्यांचा निरोप गेल्यावर रिना आली आणि माझ्या हातातली किल्ली घेतली.  मी आत जाऊ शकलो नाही, बाहेरच्या पायरीवर बसलो. आतून तिचा आवाज येत होता.

"आपोआप बंद पडला तर आधी काय बघायचं?"

"व्हायरस," एक मुलगी म्हणाली.

"तो शेवटी. आधी वायर. मग मागे हात लावून बघायचं, गरम आहे का. मग विचारायचं, शेवटचा हात कोणी लावला होता. आणि खरं सांगणारा भेटला तर झाकण काढायलाही लागत नाही."

मुली हसल्या. ती हसली की नाही, मला कळलं नाही.

चार मुली आल्या नव्हत्या. त्यातल्या पहिल्या घरी मी त्याच संध्याकाळी गेलो. मुलीच्या आईनं दार उघडलं. मंडपात त्या पुढेच बसल्या होत्या, सगळं ऐकलं होतं.

"ऐकलं मी, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण लोकांच्या तोंडी पहिलीच गोष्ट शे. ती लई रंगली होती ना."

बसा म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच सांगायला लागलो, खंडेनवमीपासून.