वरातीतली चिंगी

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही एका बुटक्या, तपकिरी घोडीवर बसला आहात. समोर विटांवर टेकवलेला आडवा बांबू आहे. घोडी दुडक्या चालीने निघाली. बांबू जवळ येतोय, अजून जवळ. खरं सांगा, तुमच्या हातांनी काय केलं? लगाम घट्ट ओढला ना?

दहा वर्षांच्या दिशानेही तेच केलं. चिंगी बांबूपुढे थबकली आणि जागच्या जागी पाय उचलून नाचू लागली.

“काका, ही परत नाचली!” दिशा रडवेली झाली.

“ती काय करंल, पोरी? मीच शिकवलंय तिला.”

महिपतकाकांनी उभा जन्म लग्नाच्या वरातीत घोड्या धरल्या होत्या. लगाम आवळला की नाचायचं, हे त्यांनीच चिंगीला गूळ चारून शिकवलं होतं. पुढे मानपाड्याच्या प्रफुल्लशेठनी आपल्या मोकळ्या जागेत मुलांसाठी घोडेस्वारीचा क्लास काढला. त्यांनी चिंगीला विकत घेतलं आणि काकांना कामावर ठेवलं. पण उडी न मारणारी घोडी शेठना नको होती. रविवारपर्यंत जमलं नाही, तर तिची रवानगी पुन्हा वरातीत. डीजेच्या दणक्याने तिला कापरं भरायचं. एकदा तर नवरदेवासकट ती रस्त्यात बसली होती. ते आठवलं की काकांना घास उतरत नसे.

तरी त्यांनी घाई केली नाही. आधी बांबू जमिनीवर ठेवून चिंगीला त्यावरून नुसतं चालवलं. मग थोड्या थोड्या अंतरावर तीन बांबू, दुडक्या चालीने. मग टोकांखाली एकेक वीट, नंतर दुसरी.

“बांबूकडं बघू नको. पलीकडच्या झाडाकडं बघ. हात आयाळीत.”

“पण भीती वाटते ना!”

“वाटू दे की. मलाबी वाटतीय. हात तेवढा ढिला सोड.”

रविवारी सकाळी फाटकाशी टेम्पो येऊन उभा राहिला. कुंपणापाशी पालक जमले होते.

“काका, होणार ना आज? टेम्पोवाला खोळंबलाय,” शेठ म्हणाले.

दिशा निघाली. बांबू चार पावलांवर आला आणि टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. दिशाच्या मुठी आवळल्या. चिंगी थबकली, नाचू लागली. पालक हसले, कोणीतरी शिट्टीही मारली.

“बस झालं काका. डान्सरच आहे ती. चढवा टेम्पोत.”

काकांनी खुंटाला बांधलेला दोर सोडायला घेतला. त्याची गाठ त्यांना सुटेचना.

तोवर दिशा खाली उतरली होती. तिने एकेक करत चारही विटा काढल्या आणि बांबू जमिनीवर ठेवला.

“अगं, हे काय चाललंय?” शेठनी विचारलं.

“पहिल्यापासून,” ती मागे न बघता म्हणाली.

ती पुन्हा चढली, आयाळ धरली. चिंगी न थांबता, न नाचता बांबूवरून पलीकडे गेली. आता कोणी हसलं नाही. टेम्पोचं इंजिन मात्र सुरूच होतं.

दिशा परत उतरली, आणि बांबूच्या दोन्ही टोकांखाली तिने एकेक वीट सरकवली.