टासियोकाकांच्या खोलीत राहिलेला थर्मास

मी थर्मास बोलतोय. हिरवा, बुडाशी पोचा आलेला, आणि आधीच सांगून ठेवतो, चहाचा. पवित्र पाण्याचा तो दुसरा. आम्ही दोघं अगदी सारखे, एकाच दुकानातून कॅनडातल्या थंडर बे बंदराच्या खलाशी केंद्रात आलो. पण त्याच्या गळ्याला क्रूस काढलेली पांढरी पट्टी, आणि माझ्या नशिबी साखर.

रोज सकाळी आयलीबाई आम्हाला भरायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण झाकण अशा आवळायच्या की उघडणाऱ्याला घाम फुटावा. मग चर्चमधले फादरांचे मदतनीस, डीकन अँब्रोज, आम्हाला गाडीत घालून धक्क्यावर न्यायचे. गहू भरायला आलेल्या जहाजांवर चढायचं, खलाशांची विचारपूस करायची, कुणाला लोकरीची टोपी, कुणाला घरी बोलायला फोनचं कार्ड, कुणासाठी प्रार्थना. तो दुसरा ऐटीत त्यांच्याबरोबर शिडी चढे. मी गाडीतच. फार तर गव्हाच्या कोठारावरच्या कामगारांना दोन कप. बारा वर्षांत एकही जहाज मी आतून पाहिलं नव्हतं. जळायचो मी त्याच्यावर, खोटं कशाला बोलू?

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी थंडीनं त्याची पट्टी सुटून पडली, आणि डीकननी घाईत मलाच उचललं. मी आतून ओरडून ओरडून दमलो. ऐकतो कोण!

घाईला कारण होतं. एका जहाजावरचे म्हातारे स्वयंपाकी, टासियोकाका, भर समुद्रात आपल्या खोलीत वारले होते. त्यांच्या जागी हाताखालच्या एफ्रेनला बढती मिळाली, आणि बढतीबरोबर काकांची खोली. तेव्हापासून अकरा दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणून त्या खोलीत पवित्र पाणी शिंपडायला बोलावणं आलं होतं.

शिडीच्या तोंडाशी खलाशांचा मुकादम, सारंग नेस्टर, वाट बघत होता.

"फादर, काहीतरी करा. काल चुलीवर तेल ठेवून हा उभ्या उभ्या पेंगला. कॅप्टन म्हणतोय, आजही झोपला नाही तर इथूनच घरी. नऊ वर्षं थांबलाय हो तो या जागेसाठी."

"मी फादर नाही, डीकन. घरी बायको आहे माझी."

"बरं, फादर."

खोलीत सहाजण दाटीवाटीनं उभे होते. एफ्रेन दाराबाहेर. डोळे लाल, कापलेल्या बोटाला चिंधी. गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेईना, सगळे नुसतं 'ते' म्हणत होते. डीकननी प्रार्थना म्हटली, मला वाटीत ओतलं, आणि वाटीतून वाफा निघाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फादर," नेस्टर हळूच म्हणाला, "तुमच्याकडे पवित्र पाणी गरम करून देतात का? थंडी फार म्हणून?"

डीकन कानापर्यंत लाल झाले. "चहा आहे हा. चुकलं माझं."

कुणी हसलं नाही. एफ्रेनचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. पण वास आला तसा तो एक पाऊल आत आला. वाटी तोंडाला लावून त्यानं घोट घेतला.

"साखर किती आहे यात?"

"आयली घालते. हात सैल आहे तिचा."

"टासियोकाकांना असाच लागायचा," एफ्रेन म्हणाला. "चार चमचे. मी तीन घातले की म्हणायचे, साखर काय तुझ्या बापाच्या मळ्यातून आणलीस?"

"मी भात करपला म्हणालो, तर कालथा फेकून मारला होता मला," नेस्टर म्हणाला.

"आणि तू तोच भात तीनदा वाढून घेतलास."

आता मात्र सगळे हसले. माझं झाकण हातोहात फिरलं, ज्याला त्याला काकांची एकेक गोष्ट आठवू लागली. एफ्रेन काकांच्या बिछान्यावर कधी बसला, त्याचं त्यालाही कळलं नाही. मला त्यानं पोटाशी धरलं होतं. बाहेरून मी गारच असतो, तरीही.

"त्या दिवशी मी उशिरा उठवायला आलो," तो एकदम म्हणाला. "लवकर आलो असतो तर वाचले असते."

"कोण म्हणालं?" नेस्टर त्याच्यासमोर बसला. "अरे, काकांना बंदरात उतरवलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ते आदल्या रात्रीच गेले. झोपेत. तू चारला आला असतास काय आणि सहाला काय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विषय काढू दिलास का?"

एफ्रेन बराच वेळ रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही. मग डीकननी तिथल्याच नळाचं पाणी वाटीत घेतलं, आशीर्वाद म्हटला आणि खोलीभर शिंपडलं. चार थेंब एफ्रेनच्या तोंडावर उडाले. तो हलला नाही. घोरत होता.

सगळे चवड्यांवर बाहेर पडले. डीकननी मला घ्यायला हात पुढे केला. एफ्रेनचे दोन्ही हात माझ्याभोवती होते. त्यांनी हात मागे घेतला आणि दार ओढून घेतलं.

जहाज दुपारी सुटलं, तेव्हाही तो झोपलेलाच होता.

आता मी काकांच्या फळीवर असतो. एफ्रेन रोज मला भरतो, चार चमचे साखर घालून. त्याची जागा पक्की झाली. परवाच्या वादळात फळीवरून मी गडगडत खाली आलो, आणखी एक पोचा आला, पण तो काही जागा झाला नाही.

आयलीबाई, मला गाडीत शोधत बसू नका. आणि त्या दुसऱ्याची पट्टी पुन्हा चिकटवाल, तेव्हा फार घट्ट नका चिकटवू. माझ्या जागी येणाऱ्यालाही कधीतरी शिडी चढू दे.