हात न लावता पाडणारे गुरुजी

पैलवान पडली आणि सगळं दालन श्वास रोखून बघत राहिलं.

पैलवान ही आमच्या धुलाईघरातली सर्वांत दणकट बाई. इस्पितळाच्या ओल्या चादरींचं गाठोडं उचलायला आमच्यातल्या दोघींना कंबर कसावी लागते, ते ती एकटी खांद्यावर टाकते. अशा बाईला गुरुजींनी चार हातांवरून नुसता उघडा तळवा दाखवला, "हं" म्हणाले, आणि ती ताठच्या ताठ मागे गेली. मागे गाद्या अंथरलेल्या होत्याच. माणूस पडणार हे गुरुजींच्या आधी गाद्यांना कळायचं.

"याला म्हणतात प्राणहस्त," गुरुजी तळवा पुसत म्हणाले. "शरीरानं शरीराला मारणं हे गुंडांचं काम. आपण प्राणानं प्राणाला ढकलतो. हात लावलात तर शक्ती बाटते. ओरडलात तर श्वासाबरोबर गळून जाते. आणि पळालात तर सगळंच संपलं. पळणं म्हणजे संशय."

ही विद्या कुठली, असं मी एकदा विचारलं होतं. "डोंगरातली," म्हणाले. कुठल्या डोंगरातली, विचारलं तर नुसते हसले. धुलाईघरातल्या आम्हा बायकांसाठी ते स्वसंरक्षणाचा वर्ग घ्यायचे; मी त्या दालनात जायची ती फक्त माझ्या धाकट्या बहिणीसाठी.

धाकटी नवऱ्याला सोडून माझ्याकडे आली होती आणि माझ्याबरोबरच धुलाईघरात कामाला लागली होती. नवरा मारायचा, आणि आता निरोप पाठवायचा की, जिथं असशील तिथून ओढून नेईन. हे निरोप पोकळ नाहीत हे तिच्या अंगावरच्या खुणा बघितलेल्या कुणालाही कळलं असतं. म्हणून आम्ही एक रीत पाळायचो. काम सुटलं की दोघींनी बरोबर निघायचं, मागच्या फाटकानं, आणि पहारेकऱ्याने आम्हाला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायचं.

गुरुजी आले आणि ही रीत मोडली. "ताई, आता मला सोबत कशाला?" धाकटी म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिची मान ताठ झालेली मी बघत होते. ती रात्री झोपायला लागली होती, जेवायला लागली होती. तिचा हा आधार काढून घ्यायचा तर त्या जागी द्यायला माझ्याकडे काय होतं? मी कुरकुरले, दोनदा भांडले, पण तिने ऐकलं नाही.

नवरा आला तेव्हा अजून उजेड होता. मागच्या फाटकाबाहेरच्या बोळात तो उभा होता. धाकटी पळाली नाही. ओरडली नाही. शिकवलं होतं तशी टाचा जुळवून उभी राहिली, डोळे मिटले आणि तळवा पुढे केला. त्याने तो तळवा धरला आणि पिरगळला. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही, पण तिने मला तो इतक्यांदा सांगितलाय की आता मलाही ऐकू येतो. कपड्यांची गाडी ढकलत दोन कामगार बोळात शिरले म्हणून तो पळाला. नाहीतर काय झालं असतं ते मला लिहवणार नाही.

प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अगं, बोळ मोकळा होता, फाटकावर माणूस होता. हाक का नाही मारलीस?"

"हाक मारायची नसते," धाकटी म्हणाली.

"हे कुणी शिकवलं हिला?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. मी काय सांगणार, कपाळ?

घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. पण ती म्हणाली, "ताई, चूक माझीच. शेवटच्या क्षणी माझं मन डळमळलं. गुरुजींची माफी मागायला हवी." मार खाल्ला की 'माझंच चुकलं' म्हणायचं, हे त्या घरात ती शिकली होती. गुरुजींनी तेच तिला नव्याने शिकवलं. मला त्या माणसाचा इतका राग कधीच आला नव्हता.

पुढच्या वर्गाला मी तिच्याबरोबर गेले. गळ्यात हात अडकवलेल्या धाकटीला गुरुजींनी सगळ्यांसमोर उभं केलं. "बघा," ते हळहळत म्हणाले, "संशयाचं फळ."

मी उठले. "गुरुजी, मला पाडा."

"तुमचं मन तयार नाही."

"तिच्या नवऱ्याचं कुठं तयार होतं? पाडा."

दालनात चुळबूळ झाली. गुरुजींनी सवयीने सुरुवात केली, "टाचा जुळवा. हनुवटी वर. डोळे मिटा. श्वास सोडून शक्ती स्वीकारा." मी यातलं काहीच केलं नाही. पाय फाकून, डोळे उघडे ठेवून उभी राहिले. टाचा जुळवून, मान मागे टाकून, डोळे मिटून उभं राहिलं तर कुणीही डुलतं, त्याला प्राण कशाला हवा? गुरुजींनी तळवा फेकला. पुन्हा फेकला. मी आहे तिथेच. त्यांच्या कपाळावर मात्र घाम आला.

"बंद मनावर प्राणहस्त चालत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे मारायला येणाऱ्यानंसुद्धा आधी तुमच्या वर्गात नाव घालायचं?"

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, एवढ्यावर फुगा फुटेल. कसला फुटतोय? बायका माझ्याकडेच रागाने बघत होत्या. एक म्हणाली, "हिचं मनच काळं, म्हणून नाही पडली." गुरुजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मी हरलेच होते.

तेव्हा धाकटी पैलवानच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "मावशी, तू तरी खरी पडायचीस ना?"

पैलवानची नजर प्लास्टरवर होती.

"सांग ना. तू पडायचीस, ते बघून मी विश्वास ठेवला."

"पहिल्या दिवशी नाही पडले," पैलवान अगदी हळू म्हणाली. "तर गुरुजी म्हणाले, मनात पाप आहे, मागच्या रांगेत बस. सगळ्या जणी वळून बघत होत्या, मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी मुद्दाम पडले. मला वाटलं, तुम्ही सगळ्या खऱ्या पडता, माझ्यातच काही खोट आहे."

मग इस्त्रीच्या टेबलावरची एक जण म्हणाली, "मला पण असंच वाटलं होतं." तिच्या मागची म्हणाली, "मी तर तू पडतेस म्हणून पडायची." एकमेकींवर सराव करताना तर आम्हा बायकांचा शिष्टाचारच ठरला होता. समोरचीने तळवा दाखवला आणि आपण उभ्या राहिलो तर तिचा अपमान, म्हणून पडायचं. ती आपल्यासाठी पडली, आपण तिच्यासाठी. एवढ्या बायका पडत होत्या आणि त्यातली एकही खरी पडत नव्हती. एवढाच तो चमत्कार. जी उभी राहायची तिची रवानगी मागे, पडायची ती पुढे, आणि नव्या येणारीला दिसायच्या त्या फक्त पुढच्या.

गुरुजी चप्पल शोधत होते. त्यांना फाटकापर्यंत पोचवायला, त्यांची समजूत काढायला काही बायका गेल्याच. त्यातली एक परतताना मला म्हणाली, "जरा धीर तरी होता गं, तोही काढून घेतलास."

नवऱ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. तो अजून सापडलेला नाही. फाटकाची रीत आम्ही पुन्हा सुरू केली. आता पैलवानही बरोबर असते.

तळव्याचा फटका खोटा नाही. मुलींना स्वसंरक्षण शिकवणाऱ्या एका बाईंकडे आम्ही जातो. त्यांनी सांगितलं, बोटं मागे वळवा, मनगटाजवळच्या जाड भागाने नाकावर किंवा हनुवटीवर खालून हाणा. त्याने माणूस पडेलच असं नाही. पळायला दोन पावलं मिळाली तरी खूप झालं. आणि पळताना बोंब मारा, सगळी आळी गोळा होईल अशी.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून एकच सांगणं आहे. कुणी विद्या दाखवली तर ती शिष्यावर बघू नका. ज्याला पडायचं नाही अशा माणसावर करून बघा. गुरू चिडला तर समजा, उत्तर मिळालं. भ्यायलेल्या माणसाला धीर हवाच असतो, पण खोटा धीर ऐन वेळी त्याचे पाय बांधून ठेवतो.

रोज संध्याकाळी मी उशी छातीशी धरून उभी राहते. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून धाकटी डाव्याने मारते. पहिल्या दिवशीचा फटका अगदीच कच्चा होता. तिला बरं वाटावं म्हणून मी एक पाऊल मागे सरले, तशी ती थांबली.

"ताई, पडू नकोस," ती म्हणाली. "तो नाही पडणार."

मी पुन्हा पुढे येऊन उभी राहिले.