आवरलेल्या घरातली बॅग

मी बॅग बोलतेय. निळी, मोठी, मुठीला लाल लोकर बांधलेली. माझ्या चार चाकांपैकी एक कायमचं रुसलंय, त्यामुळे मला ओढत कुणालाच सरळ चालता येत नाही. पण आज चाकाचं रडगाणं गायचं नाहीये. एका माणसाला बायको आणि मुलीला सोडून यावं लागलं, आणि त्यात माझाही हात होता, ते सांगायचंय. आता बॅगेला कुठून आला हात, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर खरं.

कारखान्यातून आम्ही तिघी बहिणी एकत्रच निघालो, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. मी थोरली. मालकीणबाईंना परदेशातल्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी लागली, तेव्हा त्यांच्या सासूबाई आम्हाला घ्यायला दुकानात आल्या होत्या. त्यांनी माझी चेन दहा वेळा उघडमीट करून पाहिली, आत डोकं घालून वासही घेतला. "पोरांचा सगळा संसार मावला पाहिजे हो हिच्यात," असं दुकानदाराला म्हणाल्या आणि मग उगीचच दुकानातल्या छत्र्या बघत उभ्या राहिल्या. मधलीला त्यांनी घरी पांघरुणं ठेवायला घेतलं. सगळ्यात धाकटीचं काय झालं, मला माहीत नाही.

मालक म्हणजे मालकीणबाईंचे यजमान. गावी ते शाळेत गणित शिकवायचे. परदेशात आल्यावर त्यांना पावाच्या कारखान्यात काम मिळालं, तेही आठवड्याचे ठरावीक तासच. भल्या पहाटे जायचे आणि साडेनऊच्या सुमाराला परत यायचे. बूट पिठाने पांढरे, शर्टावर तेलाचे डाग, भुवयासुद्धा पांढऱ्या. सहा वर्षांची मुलगी, छोटी म्हणायचे तिला, ती सुट्टीच्या दिवशी दार उघडून "बाबा म्हातारे झाले" म्हणून हसायची. मग ते जमिनीवर गादी टाकून चार तास झोपायचे.

आता मुद्द्याचं. त्या देशात राहायचा परवाना होता मालकीणबाईंच्या नावावर. नवरा आणि मुलगी त्या परवान्याला लोंबकळत होते. तिघं एका पत्त्यावर, एका छपराखाली राहतील तोवरच त्यांना राहू देणार. घर बदललं की चौदा दिवसांत कचेरीत जाऊन नवा पत्ता सांगायचा. मग पोलीस कधीतरी घरी येऊन बघणार, की सांगितलेली माणसं खरोखरच तिथे राहतात का.

आम्ही घर बदललं, कारण जुन्या खोलीच्या भिंतीला बुरशी धरली होती आणि छोटीचा खोकला जाता जात नव्हता. माझं चाक त्या हलवाहलवीतच जिन्यावर मोडलं. नवं घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि खिडकी असलेलं स्वयंपाकघर. कपाट मात्र एकच. त्यात मालकीणबाईंचे इस्पितळाचे कपडे आणि छोटीचा पसारा, एवढ्यानेच दार लागेना. मालक म्हणाले, "मला कपाट कशाला? माझी बॅग आहे की." तेव्हापासून त्यांचे कपडे माझ्यातच. मी पलंगाखाली राहायचे. सकाळी मला पाऊणएक हात बाहेर ओढायचं, शर्ट काढायचा, पायाने आत ढकलायचं. मला त्याचा कधी राग आला नाही, उलट आपल्याला कपाटाचा मान मिळाला म्हणून मी फुगूनच होते.

बाराव्या दिवशी दोघं कचेरीत जाऊन पत्ता नोंदवून आले. काचेआडच्या बाईंनी सांगितलं, "या पंधरवड्यात कुणीतरी येईल. दिवस, वेळ सांगता येणार नाही."

झालं. मालकीणबाईंच्या अंगात आलं.

आता ही सवय तुमच्याही घरात असेल, म्हणून तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाहुणे यायचे म्हटलं की घरातलं खरं घर उचलायचं आणि कुठेतरी कोंबायचं. कुठल्याही घरात या कामाला एक ठरलेली जागा असते. आमच्या घरात ती मी होते. मावशी येणार, बॅगेत टाक. घरमालक येणार, बॅगेत टाक. माझ्यात टाकलेलं बाहेर दिसत नाही, याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

मालकीणबाईंची इस्पितळात दुपारची पाळी असायची. रोज सकाळी छोटीला शाळेत सोडून आल्या की त्या कामाला लागायच्या. जमिनीवरची गादी गुंडाळून माळ्यावर, मालकांची उशी तिच्या आत; ते आले की झोपण्यापुरती खाली काढायची. दारातल्या त्यांच्या चपला आणि जुने बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यात. दोरीवरचा भोकाचा बनियन, दाढीचं सामान, ब्लड प्रेशरच्या गोळ्या, गणिताच्या दोन वह्या, सगळं माझ्यात. मालकांचा दात घासायचा ब्रश पार पिंजारलेला होता. तोही त्यांनी पिशवीत घालून माझ्या बाजूच्या कप्प्यात ठेवला.

एकदा मालक हसत म्हणाले, "अगं, चपला तरी राहू दे दारात. मी राहतो ना इथे?"

"अहो, साहेबलोक येणार. दारात पाय ठेवल्याबरोबर तुमच्या त्या झिजलेल्या चपला बघायच्या का त्यांनी? त्यांना काय वाटेल, कसली माणसं आहेत."

"माणसं आहेत एवढं वाटलं तरी पुरे."

"तुम्ही झोपा. मला आवरू द्या."

मालक झोपले. त्या दिवशी त्यांनी जरा चढ्या आवाजात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण गणिताचे मास्तर असूनही घरात आवाज चढवायचं त्यांना कधी जमलं नाही.

पोलीस आले ते नवव्या दिवशी, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी. दोघं होते, साध्या कपड्यांत. एक वयस्कर, गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकणारे, कारण जिना तीन मजल्यांचा. दुसऱ्या तरुण बाई, हातात फाईल. दोघंही अगदी सभ्य. ओरडणं नाही, धाक नाही. मालकीणबाईंना तिथली भाषा चांगली येत होती, इस्पितळात रोज बोलून बोलून पक्की झालेली. म्हणजे बोलण्या-समजण्यात काही घोटाळा झाला असंही नाही. हेच तर मला जास्त लागतं.

"तुमचे पती?" वयस्कर साहेबांनी विचारलं.

"कामावर आहेत. साडेनऊपर्यंत येतील. बसा ना, चहा टाकते."

"नको, चहा नको. जरा घर बघतो."

न्हाणीघरात दोन ब्रश. एक मोठा, एक छोटा. पलंगावर दोन उशा. एक मोठी, एक छोटी. कपाटात बायकांचे आणि मुलीचे कपडे. दारात एक जोड बाईचा, एक पोरीचा. फाईलवाल्या बाई प्रत्येक ठिकाणी थांबून काहीतरी लिहीत होत्या. मी पलंगाखालून त्यांचे पाय बघत होते आणि मनात म्हणत होते, घर कसं लख्ख आहे बघा.

"पतीचं सामान कुठे दिसत नाही," त्या म्हणाल्या.

मालकीणबाई हसल्या. त्यांना ते कौतुकच वाटलं असणार. "आवरून ठेवलंय. तुम्ही येणार म्हणून."

"आम्ही येणार म्हणून?" बाईंनी मान वर केली. "म्हणजे आमच्यासाठी घर तयार केलंत?"

"हो, रोज करते. नऊ दिवस झाले."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा कुठे मालकीणबाईंच्या लक्षात आलं, की आपण जे बोललो ते खरं आहे, पण ऐकणाऱ्याला भलतंच ऐकू गेलंय. त्या खाली वाकल्या आणि त्यांनी मला खसकन बाहेर ओढलं. "हे बघा ना, हे त्यांचंच सगळं. इथेच आहे."

माझी चेन उघडली. देवाशपथ सांगते, मला वाटलं आता सुटलो. साक्ष द्यायला माझ्याइतकं चांगलं कोण होतं? बनियन होता, गोळ्या होत्या, बूट होते, वह्या होत्या. पण सगळं घडी घालून, कागदात गुंडाळून, पिशव्यांत भरून. सगळ्यात वर मालकांच्या प्रमाणपत्रांची फाईल, कारण ती पहिल्यापासून माझ्यातच असायची. एका माणसाचं सगळं सामान, त्याच्या कागदपत्रांसकट, चाकाच्या बॅगेत नीट भरलेलं. बघणाऱ्याने काय समजायचं?

वयस्कर साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "कुठे निघालेत ते? की आधीच गेलेत आणि सामान न्यायचं राहिलंय?"

"कुठेच नाही निघालेत. ते इथेच राहतात. दहा मिनिटं थांबा फक्त, येतीलच."

"अजून चार घरं आहेत आम्हाला, ताई." ताई म्हणजे त्यांच्या भाषेतला तसाच एक मायेचा शब्द. कागदावर सही घेतली आणि दोघं जिना उतरले.

मालक नऊ चाळीसला आले. पायरीवर दम खात ते सांगू लागले, "अगं, खाली एक वयस्कर गृहस्थ भेटले. गुडघे दुखत होते बिचाऱ्यांचे. दार धरलं त्यांच्यासाठी." मालकीणबाई तशाच माझ्याशेजारी जमिनीवर बसून होत्या. मालक धावत खाली गेले, पण गाडी निघून गेली होती.

तीन आठवड्यांनी कागद आला. पती या पत्त्यावर राहत असल्याची खात्री पटली नाही, पंधरा दिवसांत म्हणणं मांडा. दोघांनी म्हणणं मांडलं. कारखान्याचं पत्र जोडलं, त्यावर पत्ता जुना. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याने लिहून दिलं की या माणसाला मी रोज सकाळी पांढऱ्या भुवयांनी वर जाताना बघतो. काचेआडच्या बाई म्हणाल्या, "वर जाताना बघतात, ठीक आहे. राहताना कोण बघतं?" पुन्हा एकदा घर बघायला कुणी येईल कदाचित, एवढंच त्यांनी सांगितलं.

त्या कदाचितवर सगळं घर दीड महिना जगलं. मालकांनी पावाचं काम सोडलं, कारण बेल वाजेल तेव्हा दार त्यांनीच उघडायला हवं होतं. मालकीणबाईंनी दुपारची पाळी बदलून रात्रीची घेतली, म्हणजे दिवसा दोघंही घरात दिसतील. आणि घर? घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दारात मालकांच्या चपला, बूट, त्यांच्या जोडीला जुने मोजे. दोरीवर बनियन. आरशापुढे दाढीचा ब्रश, फेस वाळलेला. गादी दिवसभर अंथरलेली. मला रिकामं करून उभं केलं होतं माळ्यावर. मालकीणबाईंच्या हाताला सवय अशी, की चालता चालता एखादी चप्पल सरळ करायच्या आणि मग दचकून पुन्हा वाकडी करायच्या.

बेल वाजली की तिघांच्याही माना दाराकडे वळायच्या. कधी टपालवाला, कधी गॅसची नोंद घेणारा, एकदा शिंपी छोटीचा फ्रॉक घेऊन. पोलीस काही आले नाहीत. आला तो दुसरा कागद. पहिल्या भेटीच्या अहवालावरून मालकांचा परवाना रद्द, तीस दिवसांत देश सोडावा, हवं तर मायदेशातून नव्याने अर्ज करावा.

मला माळ्यावरून काढलं ते मालकांनीच. तेच शर्ट, त्याच वह्या, त्याच गोळ्या. मालकीणबाई शेजारी बसून घड्या घालत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "माझ्या हौसेपायी झालं हे."

"हौस कसली त्यात? आई आवरायची, तू आवरतेस."

"चपला राहू दे म्हणाला होतात तुम्ही."

मालकांनी चपला माझ्यातून काढल्या आणि दारात नेऊन ठेवल्या. "या राहू दे इथेच," म्हणाले.

आता मी मालकांच्या थोरल्या भावाच्या घरी आहे. अर्ज करून सात महिने झाले, उत्तर नाही. माझी मधली बहीण इथे कपाटावर असते, पांघरुणं पोटात घेऊन. ती मला विचारते, परदेश कसा असतो गं? मी पलंगाखालूनच काय काय बघितलं ते तिला काय सांगणार.

रविवारी फोनवर छोटी दिसते. तिचा एक दात पडलाय. परवा ती म्हणाली, "बाबा, तुमच्या चपला दारातच आहेत. आई झाडू मारते ना, तर त्यांच्या बाजूने मारते. उचलतच नाही."

तुमच्याही घरी उद्या कुणी येणार असेल. माझं एक ऐका. चार चपला दारात राहू द्या, वाळत घातलेला बनियन दोरीवर राहू द्या, माणसाचा पसारा माझ्यासारखीच्या पोटात कोंबू नका. मी तो झाकला, चोख झाकला, आणि त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

वहिनींनी इथे आल्या दिवशीच कपाटातला एक खण मालकांसाठी रिकामा केला होता. तो अजून रिकामाच आहे. "भावोजी, कपडे लावून टाका ना त्यात," त्या म्हणतात. "राहू दे वहिनी, जायचंच आहे," मालक म्हणतात. रोज सकाळी ते मला ओढतात, शर्ट काढतात, कालचा धुतलेला घडी करून ठेवतात. ब्रशसुद्धा दात घासून झाले की पिशवीत घालून माझ्या बाजूच्या कप्प्यात. आज या घरात कुणी पडताळणीला आलं, तर हा माणूस इथे राहतो याची एकही खूण त्यांना सापडणार नाही. आणि या वेळी त्यांनी लिहिलेलं खरं असेल.